हवेतली दोनशे चौदा गाठोडी

“डिस्कवर जागा नाही,” संगणकाचा कंत्राटदार म्हणाला आणि त्याने दप्तरींचा अर्ज दोन बोटांच्या चिमटीत धरून परत दिला. ओला मोजा धरावा तसा.

अर्ज म्हणजे काही चिठ्ठीचपाटी नव्हती. नमुना सात, तीन प्रती, प्रत्येकीवर कारण, कारणाचं कारण आणि विभागप्रमुखाची शिफारस. दप्तरखान्याला विभागप्रमुखच नव्हता, म्हणून दप्तरींनी स्वतःची शिफारस स्वतःच केली होती, आणि तीसुद्धा हात राखून. मागणं एवढंच, की दप्तरखान्यातल्या मशीनवर नव्या फायली तयार करायची मुभा द्यावी. काम झालं की पुसून टाकू. कंत्राटदाराने त्यावर अकरा दिवस विचार केला आणि सांगितलं, जागा नाही. जागा खाल्ली होती कशाने? संस्थेच्या समारंभांत संचालकांनी कापलेल्या फितींच्या फोटोंनी. एकेका फितीचे चाळीस फोटो. डावीकडून, उजवीकडून, कात्रीसह, कात्रीविना.

“आणि काका, तुम्हाला फायली वाचता येतात ना? मग झालं तर. लिहायची हौस कशाला?”

काका! दप्तरी त्रेपन्न वर्षांचे होते हे खरं, पण कंत्राटदाराच्या डोक्यावरही केस शोधायचे तर नमुना सातच भरावा लागला असता. दप्तरींनी अर्जाची घडी घातली, खिशात ठेवली आणि आपल्या खोलीत येऊन खुर्चीला लाथ मारली. खुर्ची संस्थेची होती, त्यामुळे लागलं ते दप्तरींनाच.

त्यांना आडनाव होतं, पण ते आता फक्त हजेरीपटाला माहीत. सव्वीस वर्षं त्या तंत्रशिक्षण संस्थेचं दप्तर सांभाळल्यामुळे सगळे त्यांना दप्तरीच म्हणत. इथून शिकून गेलेली माणसं नोकरीसाठी, पुढच्या शिक्षणासाठी आपले जुने कागद मागवायची. गुणपत्रिका, प्रमाणपत्रं, अभ्यासक्रमाची पानं, सगळे मिळून माणशी तेवीस कागद. ते कागद केव्हाच स्कॅन होऊन मशीनमध्ये बसले होते. पण संस्थेच्या मेलला एका वेळी एकच फाईल जोडता यायची (ही सुधारणाही कंत्राटदाराचीच), म्हणून एका माणसाला तेवीस मेल जायचे. मग त्या माणसाचा फोन यायचा, “सतरावं पान नाही आलं हो.” सतरावं पाठवलं की नववं हरवलेलं असायचं. असे दोनशे चौदा अर्ज तुंबले होते आणि शिव्या मात्र दप्तरी खात होते.

सोमवारी संचालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. कंत्राटदार आधीच तिथे बसला होता, पाय पसरून.

“गुरुवारी तीन वाजता,” संचालक म्हणाले, “माझ्यासमोर दोनशे चौदा जणांचे कागद गेले पाहिजेत. माणशी एक मेल. नाही जमलं तर दप्तरखाना यांच्याकडे देऊ आणि तुम्ही फाटकावर बसा. येणाऱ्याजाणाऱ्यांना पास द्यायला माणूस हवाच आहे.”

“सावली आहे हो काका तिथे,” कंत्राटदार म्हणाला.

आता, माणसाला फाटकावर बसवा, उन्हात बसवा, पण सावली आहे असं सांगून बसवू नये. दप्तरींच्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या, त्या घरी पोचेपर्यंत उतरल्या नाहीत.

आता कुणालाच माहीत नसलेली एक गोष्ट. दप्तरींना प्रोग्रॅम लिहिता यायचे. लेक शिकायला होती तेव्हाचं एक जाडजूड पुस्तक तिने नोकरीच्या गावी जाताना घरीच टाकलं होतं. रद्दीत द्यायच्या आधी दप्तरींनी ते चाळलं, मग वाचलं, मग दोन वर्षं रोज पहाटे स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याच्याशी कुस्ती केली. मास्तर नाही, वर्ग नाही. चुकलं की मशीन लाल अक्षरांत ओरडायचं. पण ते निदान चूक कुठल्या ओळीत आहे ते सांगायचं. संस्थेत एवढंही कुणी सांगत नसे.

मंगळवारी पहाटे त्याच पुस्तकाच्या दोनशे सहाव्या पानावर दप्तरींचा श्वास अडकला. तिथे साध्या शब्दांत लिहिलं होतं, की पुष्कळ फायली दाबून त्यांची एक झिप करायची तर ती डिस्कवरच करायला पाहिजे असं नाही. मेमरीतल्या मेमरीत एक डबा उघडा, कागद त्यात भरा, तिथेच दाबा, तिथूनच पाठवा. डिस्कला पत्ताही लागत नाही.

“अगं!” दप्तरी उठले ते पुस्तकासकट. “डिस्क नकोच!”

बायको चहा गाळत होती. “मग काय हवंय?”

“काहीच नको!”

“तेवढं घरात आहे,” ती म्हणाली.

“ऐक तरी. गाठोडं हवेतल्या हवेत बांधायचं. जमिनीवर ठेवायचंच नाही. बांधलं की तसंच रवाना! ज्याला जमिनीची परवानगी नाही त्याने हवेत बांधू नये, असं नमुना सातमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. मी तिन्ही प्रती वाचल्यात!”

“घर बदललं तेव्हा माझी पितळी भांडी तुम्ही अशीच रवाना केली होती. अजून यायचीत.”

पण दप्तरी आता ऐकण्यापलीकडे गेले होते. मशीनवर प्रोग्रॅम चालवायची सोय पहिल्यापासून होती. कंत्राटदाराने ती बंद केली नव्हती, कारण दप्तरी ती वापरतील हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. अपमानाचे असे फायदे असतात. अडचण एकच, की जिथे साधी फाईल जपून ठेवायची मुभा नाही तिथे प्रोग्रॅम तरी कुठे जपणार? त्यावर दप्तरींनी तोडगा काढला. प्रोग्रॅम वहीत. रेघांच्या वहीत, शाईच्या पेनाने, सुवाच्य अक्षरांत एक्केचाळीस ओळी. ऑफिसात जायचं, वही उघडायची, टाईप करायचं, चालवायचं. संध्याकाळी मशीन बंद झालं की ते सगळं विसरणार. वही विसरणार नाही.

इतक्यात शेजारचे तारमास्तर आले. तारा बंद होऊन जमाना लोटला, तारमास्तर निवृत्त होऊनही जमाना लोटला, पण सल्ल्याची लाईन अजून चालू होती. त्यांनी वही डोळ्यांपासून हातभर लांब धरली आणि वाचली.

“मेमरी म्हणजे पाण्यावरची रेघ,” ते म्हणाले. “वीज गेली की तुमचं मुसळ केरात.”

“तोवर कागद पोचलेले असतील, मास्तर. चार मिनिटांचं काम.”

“आणि फार दाबू नका. आम्ही तारेत मजकूर दाबायचो ना, तेव्हा आधी वेलांट्या मोडायच्या. मग काने.”

“इथे काही मोडत नाही. उघडलं की जसंच्या तसं.”

“असं सगळेच म्हणतात,” म्हणून तारमास्तरांनी खोकून घेतलं. त्यांचा खोकला अख्ख्या इमारतीत प्रसिद्ध होता. सल्ला संपला की पूर्णविरामासारखा यायचा.

पहिली चाचणी घरच्याच लॅपटॉपवर. दप्तरींनी वीजबिल, गॅसचं कार्ड आणि स्वतःची जन्मनोंद घेतली, हवेत गाठोडं बांधलं आणि लेकीला पाठवलं. पाठवण्याआधी शर्ट बदलला. का, ते विचारू नये.

दहा मिनिटांनी लेकीचा फोन आला. “बाबा, झिप आली.”

“आली! अगं, आली!”

“रिकामी आहे. शून्य बाईट.”

दप्तरी शर्टासकट खाली बसले.

लेकीने त्यांना पहिलीतल्या पोराला समजवावं तसं समजावलं. “तुम्ही डब्यात लिहीत लिहीत शेवटाला गेलात. तुमचं बोट तिथेच राहिलं. आता मेल तिथून पुढे वाचायला बसतो. शेवटाच्या पुढे काय असतं, बाबा?”

“काही नाही.”

“तेच आलंय मला. बोट परत पहिल्या पानावर आणा, मग वाचायला द्या.”

सव्वीस वर्षं रजिस्टरं वाचली त्या माणसाला, वाचायचं सुरुवातीपासून, हे पोटच्या पोरीने सांगावं! पण राग गिळून त्यांनी वहीत ओळ वाढवली. आता बेचाळीस झाल्या. पुन्हा पाठवलं. “उघडलं!” लेक ओरडली. “बाबा, सगळं उघडलं! तुमची जन्मतारीखसुद्धा दिसतेय!” दप्तरींनी स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली आणि बायकोने वेळेवर चहाचं भांडं उचललं.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी मोठी चाचणी घेतली. तीन माणसं, तीन गाठोडी. पहिलं बायकोला, दुसरं लेकीला, तिसरं तारमास्तरांना. ज्याचे त्याला कागद. बायकोच्या गाठोड्यात तिचा गुडघ्याचा अहवाल आणि तिच्या फोल्डरमध्ये जे काही सापडलं ते. तारमास्तरांना त्यांचीच एक जुनी गटसहलीची यादी. सव्वासहाला तिन्ही गेली. साडेसहाला दारावरची घंटा वाजली.

तारमास्तर दारात उभे. हातात छापून आणलेला कागद.

“वहिनी आहेत का घरात?” आवाज तारेसारखा तुटक. “मी वाचून दाखवतो. ‘माननीय सचिव, शेजाऱ्यांचा खोकला खरा नसून, दुसऱ्याचं बोलणं तोडण्यासाठी मुद्दाम काढलेला आहे, अशी माझी खात्री झाली आहे.’ पुढे अजून आहे. मी सभ्य माणूस आहे म्हणून वाचत नाही.”

दप्तरींच्या तोंडचं पाणी पळालं. ते धावत आत गेले आणि वही काढली. डबा! एकाचं गाठोडं पाठवल्यावर त्यांनी डबा रिकामा केलाच नव्हता. त्याच डब्यात दुसऱ्याचे कागद, त्याच्यावर तिसऱ्याचे. बायकोला बायकोचे गेले, लेकीला आईचे आणि स्वतःचे, तारमास्तरांना अख्ख्या घराचे. दप्तरींनी मनात हिशेब केला आणि त्यांना घाम फुटला. हेच उद्या ऑफिसात झालं असतं तर दोनशे चौदाव्या अर्जदाराला दोनशे तेरा परक्यांच्या गुणपत्रिका मिळाल्या असत्या. कुणाचं काय नापास, सगळं सगळ्यांना.

“मास्तर!” ते बाहेर येऊन ओरडले. “तुम्ही मला वाचवलंत!”

“मला खोटारडा म्हटलंय इथे,” तारमास्तर म्हणाले.

“म्हटलंयच मुळी,” बायको आतून आली. तिने मान खाली वगैरे घातली नाही. “पत्र सोसायटीच्या सचिवांना द्यायचंच होतं. एक प्रत तुम्हाला मिळाली, माझी फेरी वाचली.”

तारमास्तरांनी खोकायला तोंड उघडलं, दोघांकडे पाहिलं आणि मिटलं. त्या इमारतीच्या इतिहासात असं आधी कधी झालं नव्हतं. दप्तरींनी वहीत लिहिलं, प्रत्येक माणसाला नवा डबा. त्रेचाळीस ओळी. ते वही उशाशी घेऊन झोपले.

गुरुवार उजाडला. सकाळी ऑफिसात त्यांनी वहीतून सगळं टाईप केलं, स्वतःच्याच पत्त्यावर पाच गाठोडी पाठवून पाहिली. पाचही उघडली. आता तीनची वाट. दप्तरींना बसवेना. त्यांनी कपाटावरची धूळ पुसली, मग कपाटाखालची, मग उगाच जिन्यावरून दोनदा खालीवर.

एक वाजता संचालकांचा फोन. “दप्तरी, प्रत्येकाच्या कागदांत माझं शुभेच्छापत्र घाला. मजकूर मी लिहितोय. तीनच्या आत मिळेल.”

इथे दप्तरखान्याची एक रीत सांगायला हवी. कागदांचं गाठोडं बांधताना शेवटची गाठ कुणी मारत नाही. दोरी नुसती गुंडाळून ठेवायची. कारण गाठ मारली रे मारली की साहेबांना आणखी एक कागद आठवतो. मग गाठ सोडा, कागद घाला, वरची यादी नव्याने करा. म्हणून यादी सगळ्यात शेवटी, गाठ त्याहून शेवटी, आणि बहुतेक गाठोडी गाठीविनाच मांडणीवर जातात. दप्तरींच्या हाताला सव्वीस वर्षं हेच वळण. त्यांनी वही उघडली, ‘गाठोडं बंद कर’ या ओळीभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि बाण ओढून ती ओळ खाली नेली, ‘पाठव’च्याही खाली. म्हणजे शेवटच्या क्षणापर्यंत साहेबांचा कागद आत सरकवता येईल. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली.

पत्र तीनला दहा कमी असताना आलं. कंत्राटदाराने ते स्वतः मशीनवर चढवलं. त्या पत्रासाठी डिस्कवर जागा लगेच सापडली, हे सांगायला नकोच.

तीन वाजता दप्तरखान्यात संचालक, कंत्राटदार आणि दप्तरी. एकुलत्या एका खुर्चीवर संचालक. मशीनसमोरच्या स्टुलावर दप्तरी, मांडीवर वही. ते बदललेल्या क्रमाने टाईप करू लागले.

“वहीतून?” संचालक म्हणाले.

“जपून ठेवायची परवानगी नाही, साहेब.”

संचालकांनी कंत्राटदाराकडे पाहिलं. कंत्राटदाराने छताकडे.

“आधी एक माझ्या पत्त्यावर पाठवा,” संचालकांनी फोन काढला. दप्तरींनी कळ दाबली. फोन टिंग करून वाजला. संचालकांनी फाईलवर बोट टेकवलं आणि फोनवर आलेलं मोठ्याने वाचलं. “‘ही फाईल उघडता येत नाही. खराब झालेली असावी.’”

“झिप म्हणजे काय पोरखेळ आहे, काका?” कंत्राटदार हसला. “साहेब, फाटकाची खुर्ची मी आजच पुसून घेतो.”

सकाळी पाच उघडली, आता एक नाही. मधे बदललं काय? दप्तरींनी वहीवरून बोट फिरवलं. भर, दाब, बोट सुरुवातीला, पाठव, बंद... बोट बाणावर थांबलं.

यादी! झिपमधल्या कागदांची यादी गाठोडं बंद करतानाच लिहिली जाते, आणि ती असते पार शेपटाला. उघडणारा आधी शेपूट बघतो, आत काय काय आहे ते वाचतो, मग कागद काढतो. गाठ मारण्याआधी पाठवलं म्हणजे कागद सगळे गेले, पण यादीवाचून. मशीनला बिचाऱ्याला कळणार काय, की आत काही आहे?

“गाठ!” दप्तरी एवढ्याने ओरडले की संचालकांचा फोन हातातून सुटला. “गाठ मारायची राहिली! साहेब, अर्धं मिनिट!”

“अर्ध्या मिनिटात काय होणार आहे?” कंत्राटदार म्हणाला.

“तुझं तोंड बंद होणार आहे,” दप्तरी म्हणाले. ते सव्वीस वर्षांत कुणाशीही अरेतुरे बोलले नव्हते. त्यांनाच आवाज ओळखू येईना. पण बोटं चालू होती. ‘बंद कर’ परत वर, ‘बोट सुरुवातीला’च्याही आधी. एक ओळ. कळ दाबली. टिंग.

संचालकांनी फाईल उघडली. एक, दोन, तीन... चोवीस कागद. शेवटचा त्यांच्याच सहीचा.

“उघडलं,” ते म्हणाले.

“मग सोडू?”

“सोडा.”

आणि दप्तरींनी सोडलं! पडद्यावर नावं धावू लागली. डबा नवा, कागद आत, दाब, गाठ, रवाना. डबा नवा, कागद आत, दाब, गाठ, रवाना. वीस. साठ. एकशे दहा. दप्तरी स्टुलावरून उभे राहिले. संचालकही उभे राहिले, ते का, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. “एकशे ऐंशी!” दप्तरी ओरडत होते. “दोनशे! दोनशे दहा!” आणि दोनशे चौदावर पडदा थांबला. पाच हजार एकशे छत्तीस कागद चार मिनिटांत त्या खोलीतून गेले आणि खोलीतली एक चिंधी जागची हलली नाही.

कंत्राटदार डिस्क तपासत होता. “साहेब, इथे काहीच नाही. एक फाईल झालेली नाही.”

“बरोबर,” दप्तरी म्हणाले. “हवेत झाल्या.”

“म्हणजे कार्यालयीन प्रत?” संचालकांचा चेहरा बदलला. मागे काहीच न उरणारं काम त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. “आज आपण दोनशे चौदा जणांना काही पाठवलं, याला पुरावा काय?”

“तेच म्हणत होतो मी,” कंत्राटदाराला जीव आला. “उद्यापासून दप्तरखाना माझ्याकडे...”

टेबलावरचा फोन वाजला. दप्तरींनी उचलला आणि आवाज मोठा केला.

“अहो, मिळाले!” एक बाई जवळजवळ रडत होत्या. “चोवीसच्या चोवीस! दोन वर्षं मागतेय मी! आज पाचच्या आत जमा करायचेत, नाहीतर जागा गेली होती माझी. कोण बोलतंय? तुमचं भलं होवो!”

ठेवला तोच पुन्हा वाजला. मग पुन्हा.

“हे नोंदवून घ्या, दप्तरी,” संचालक म्हणाले. “नाव, वेळ, कागद किती. दोनशे चौदा नोंदी झाल्या की मला आणून दाखवा. मग बघू दप्तरखान्याचं काय करायचं ते.”

‘हो साहेब’ हे दोन शब्द दप्तरींच्या जिभेवर तयारच असत. ते आत्ताही वर आले. दप्तरींनी ते गिळले. वाजणाऱ्या फोनचा रिसीव्हर उचलला आणि संचालकांच्या पुढे धरला.

“पुरावा तुम्हाला हवाय, साहेब. तुम्हीच घ्या. माझं काम झालंय.”

खोलीत फक्त रिसीव्हरमधला आवाज येत होता, “हॅलो? हॅलो?” कंत्राटदाराने डोळे मिटून घेतले. संचालकांनी एकदा दप्तरींकडे पाहिलं, एकदा रिसीव्हरकडे, आणि तो घेतला.

“हॅलो. संचालक बोलतोय... हो का? सगळे उघडले?... नाही, नाही, मी नाही केलं. आमच्या दप्तरींनी केलं.” त्यांनी कंत्राटदाराला खुणेने कागद घ्यायला सांगितलं. पुढचा फोन. “हो, आम्हीच पाठवले... हो, माझं पत्रही आहे त्यात, वाचलंत?” पुढचा. पुढचा. नवव्या फोनला ते टेबलाच्या कडेवर बसले होते आणि चेहऱ्यावर फीत कापतानाचं हसू होतं. “छे हो, दप्तरखाना दुसऱ्या कुणाला कसा देणार? ते इथेच आहेत. त्यांना हलवेल कोण?”

कंत्राटदाराचं पेन थांबलं.

“लिही,” संचालक रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाले. “नऊ झाले. दोनशे पाच राहिलेत.”

दप्तरींनी वही मिटून काखेत मारली आणि जिना उतरून चहाला गेले. वर फोन वाजत होता. त्यांनी तो अख्खा कप, गरम असतानाच, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, आणि आणखी एक मागवला.